शेवटच्या गाण्याबद्दल

चंद्रपूर
१४ नोव्हेंबर २०२४

दिनेश,

तुझी पिशवी मिळाली. तुझ्या बहिणीने, रंजीताने, ती अहेरीच्या बाजारात माझ्या चाचाच्या गादीच्या दुकानावर दिली, चाचाने कापसाच्या टेम्पोत टाकली आणि आज ती माझ्या समोर आहे. आत हेडफोन, मेमरी कार्ड आणि पेल टर्बाइन बँडचा काळा टी-शर्ट. धुऊन, घडी करून. चिठ्ठी नाही. मी पिशवी उलटी करून झटकली, तरी नाही. पंधरा वर्षांच्या दोस्तीनंतर माणूस निदान 'घे बे तुझं सामान' एवढं तरी लिहितो.

राग आला म्हणून लिहितोय. फोन तू लहान भावाला देऊन टाकलास, तुमच्या गावात तसंही टॉवर पकडत नाही. जंगलातल्या टॉवरच्या बॅटऱ्या बदलत फिरलास, आणि स्वतःच्या घरी रेंज नाही. त्याच फिरण्यात मलेरिया डोक्यात चढला, तू वाचलास, कान गेले. हे सगळं मला माहीत आहे. पण डोळे शाबूत आहेत ना? मग वाच.

खबर अशी की आपल्या पेल टर्बाइनचा नवा अल्बम आला. पाच वर्षांनी. नाव 'स्मॉल वेदर'. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. भंगार आहे.

पहिल्या गाण्यात गायक ओरडतच नाही. गातो. नीट, गुळगुळीत, सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावयासारखा. ज्या आवाजाने आमच्या अब्बांची नमाज चुकायची तो आवाज आता कानाला गुदगुल्या करतो. दुसऱ्या गाण्यात पियानो आहे, साबणाच्या जाहिरातीत असतो तसला. आता फेस येईल, मग एक बाई पाठमोरी उभी राहील असं वाटत राहतं. तिसऱ्यात सरळ चारचा ठेका. चार, दिनेश. ज्यांनी आपल्याला सातात मोजायला लावलं, ते आता लग्नाच्या वरातीत चालतील असं वाजवतात. ड्रमर नवा आहे. पोरगा चांगला आहे, हात स्वच्छ आहे, पण जुना म्हातारा जसा मारता मारता जरा मागे रेलायचा तसं ह्याला येत नाही. चौथं, पाचवं, सहावं, सातवं एकाच साच्यातली. आठवं सांगण्यासारखं नाही.

एकूण काय, तू काही गमावलेलं नाहीस.

पिशवी मी ठेवून घेतोय. टी-शर्ट मला पोटावर बसत नाही, पण ठेवून घेतोय.

जिशान


चंद्रपूर
९ डिसेंबर २०२४

दिनेश,

काल रंजीताचा अहेरीहून फोन आला. म्हणाली, "दादा, तो हासला. तुमची चिठ्ठी वाचून. साबनाच्या जाहिरातीपाशी आला अन् हासला. आई चुलीपासून उठून पाहाले आली. बीमार पडला तवापासून आमी त्याले हासतानी पाह्यलं नाई."

मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक रजईचं कापड बोटाने चाचपत उभं होतं. मी तिला एवढंच विचारलं, "उत्तर देते का?" ती म्हणाली, "नाई. पन चिठ्ठी उशीखाली ठेवली हाय."

तर मग घे आणखी. चौथ्या गाण्यात ते मध्येच गिटार थांबवतात आणि एक बाई नॉर्वेच्या भाषेत हवामानाचा अंदाज वाचते. खोटं नाही सांगत. आपल्या आकाशवाणीवर लागायचा तसा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मोबाईलवर दुसरंच काही सुरू झालं. सहाव्यात कोरस आहे, टाळ्या आहेत. टाळ्या, बे. इंटरनेटवर जुने चाहते शिव्या घालताहेत. एकाने लिहिलं की बँडने म्हातारपणाची पेन्शन सुरू केली. नवी पोरं म्हणतात की हाच सगळ्यात चांगला अल्बम. ह्या पोरांना चारच्या पुढे मोजता येत नाही.

नाहीद विचारत होती की तुम्ही कोणाला एवढं लिहिता. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तुझं नाव सोडून तिला काही माहीत नव्हतं. मग पहिल्यापासून सांगावं लागलं. तू आदिवासी वसतिगृहातून उशी घ्यायला आमच्या दुकानात आलास ते. मी विचारलं, मऊ पाहिजे की कडक, तर तू म्हणालास, "आवाज न येनारी द्या, बाजूचा घोरते." मग आपण मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगात बसून ऐकायचो ते, कारण कापूस आवाज पिऊन टाकतो आणि बाहेर अब्बांना कळत नाही. कळायचं त्यांना. एकदा ते दारात येऊन उभे राहिले, पूर्ण गाणं ऐकलं, आणि म्हणाले, "इससे अच्छी तो मेरी धनुकली बजती थी." मशीन यायच्या आधी ते धनुकलीच्या तारेवर कापूस पिंजायचे. तू त्यांना ती माळ्यावरून काढायला लावलीस. त्यांनी ठोकळ्याने तार मारली, तू बोटं मोजलीस, आणि ओरडलास, "चाचा, तुमी सातात मारता."

अब्बांना सात काय आणि आठ काय. पण मला तेव्हा कळलं की सात मोजायचे कसे. मला जमत नव्हतं म्हणून तू वाक्य दिलंस. चला जाऊ बाजारा. च-ला-जा-ऊ-बा-जा-रा. अजूनही ते म्हटल्याशिवाय मला मोजता येत नाही. नाहीदला शिकवलं. ती भाकरी थापताना म्हणते आणि एक थाप जास्त मारते.

तिला मेमरी कार्डचंही सांगितलं. बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडे आपण हिंदी गाणी भरायला दिली होती, त्याने घाईत दुसऱ्याच कोणाचं फोल्डर टाकलं. शेवटचं गाणं, 'ब्लू बॉयलर', अर्धंच मावलं, कारण कार्ड भरलं होतं. सातचा ठेका धडधडत येतो, गायक गळा फाडतो, आणि मध्येच, शब्द अर्धा तोंडात असताना, बंद. आपण कितीतरी वर्षं समजलो की बँडने ते मुद्दामच तसं केलं. तू म्हणायचास, "हेच खरं गानं हाय बे. मानूस मरते तवा असंच मरते, वाक्य पुरं करून थोडीच मरते." पुढे इंटरनेटवर पूर्ण गाणं सापडलं, आणखी सहा मिनिटांचं. तू ऐकायलाच तयार नव्हतास. म्हणालास, "बाकीचं त्यायनं उगाच जोडलं."

नाहीद खूप हसली. मग विचारलं, "तुम्हाला हा नवा अल्बम एवढा वाईट वाटतो, तर रोज सकाळी दुकान उघडताना का लावता?" मी म्हटलं, चुका शोधायला. दिनेशला लिहायच्या आहेत.

तुझा
जिशान


चंद्रपूर
२० जानेवारी २०२५

दिनेश,

तुझं उत्तर मिळालं. गोळ्यांच्या खोक्याच्या मागच्या बाजूला चार शब्द. "आठवं गाणं कसं आहे?" एवढंच. खाली नावसुद्धा नाही. तरी मी तो पुठ्ठा घेऊन अब्बांकडे गेलो. ते आता पडूनच असतात, उजवा हात चालत नाही. त्यांनी विचारलं, "लौंडे ने लिखा?" मी म्हटलं, हो. त्यांनी डाव्या हाताने पुठ्ठा धरला आणि छातीवर ठेवला. त्यांना मराठी वाचता येत नाही.

पण बाबा, अख्ख्या अल्बमची मी एवढी धुलाई केली आणि तू नेमकं तेच विचारलंस.

आठवं ठीक आहे. लांबडं आहे. सुरुवातीला बराच वेळ नुसती गिटार खुडखुडते, मला तर झोप लागते. नंतर जरा जोर धरतं. शेवटी काहीतरी गडबड आहे, लोक म्हणतात फाइलच खराब आहे. मी ह्या वेळी रीतसर विकत घेतला होता, तरी दोनदा पुन्हा उतरवून पाहिला. तसाच. असो. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

पाचव्याबद्दल मात्र लिहितो. पाचव्यात बेस गिटारवाल्याने जे काही केलं आहे ते आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये केलं असतं तर अंडी पडली असती.

हे लिहिताना मला मजा येत नाही, दिनेश. आधी आली होती. तुला हसवायचं म्हणून शिव्या शोधतो आणि त्या सापडत नाहीत, मग जुन्याच उलटसुलट करून लिहितो. तू पत्राला उत्तर देत नाहीस तेव्हा मी चिडतो आणि चार शब्द देतोस तेव्हा घाबरतो. मी येतोय. फेब्रुवारीत चाचाकडे माल पोचवायचा आहे, तिथून पुढे तुमच्या गावापर्यंत. नको म्हणायचं असेल तर रंजीताकडे निरोप दे. काही कळवलं नाहीस तर येतोच.

जिशान


चंद्रपूर
१८ फेब्रुवारी २०२५

दिनेश,

काल परत आलो. तू तिथेच होतास, तरी झालेलं सगळं लिहितोय, कारण तू पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतास आणि मी तुमच्या भिंतीकडे.

मला वाटलं होतं की तू खंगला असशील. तसं काही नाही. रापलास, हात भरलेत, मोहफुलांसाठी झाडाखालची जागा झाडून तयार ठेवली होतीस. मी आलो तेव्हा तू पाठमोरा होतास. मी दोनदा हाक मारली. दोनदा, दिनेश. सगळं माहीत असून मी हाक मारली. रंजीताने तुझ्या खांद्याला हात लावला तेव्हा तू वळलास आणि मोठ्याने, गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालास, "आला काय बे." तुझा आवाज किती मोठा झालाय ते तुला कळत नाही आणि कोणी तुला सांगत नाही. तुझी आई तर उलट खूश होती, की पोरगा बोलला.

स्पीकर आणायची अक्कल माझीच. कुठेतरी वाचलं होतं की ऐकू न येणारे लोक हाताने थरथर ओळखतात. आमच्या दुकानातला मोठा स्पीकर मी रजईत गुंडाळून टेम्पोतून आणला, तुमच्या लाकडी बाजेवर ठेवला, तुझा तळवा त्यावर दाबला आणि 'ब्लू बॉयलर' लावलं. आपलं, अर्धं. पिशवीत परत आलेल्या त्याच कार्डावरचं. तुझी आई, रंजीता, शेजारचा लटारू, सगळे तुझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. मी मोजत होतो. चला जाऊ बाजारा, चला जाऊ बाजारा. मला वाटलं होतं की तुझं बोट हलेल.

तू हात काढून घेतलास. उठलास, मला दंडाला धरून भिंतीपाशी नेलंस आणि माझा तळवा मातीवर ठेवलास. बाहेर रस्त्यावरून सूरजागडच्या खाणीचे ट्रक चालले होते, खनिज भरून, एकामागे एक. भिंत थरथरत होती. तू म्हणालास, "हे बी असंच हालते. दिवसभर. मले काय फरक कळन, सांग."

बंद करा, बंद करा असं रंजीता मला खुणावत होती. मी बंद केलं.

मग जेवल्यावर तू बोललास. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवतोय, कारण मला ते विसरायचं नाही, आणि त्याचं कारण तूच सांगितलंस. तू म्हणालास, "लोकायले वाटते मले सुनसान ऐकू येते. सुनसान कुठी भेटते बे? शिटी वाजते कानात. कुकरची वाजते ना, तशी. उठतो तवा, झोपतो तवा. बंदच नाई होत. पयले मी डोक्यात गानं लावत होतो. अख्खं लागत होतं, ढोल, गिटार, सारं. आता शिटीच्या खाली जाते. 'ब्लू बॉयलर'चं सुरू कसं होते तेच आठवून राह्यलो दोन महिन्यापासून. येत नाई. आईचा आवाज बी गेला. तोंड दिसते, आवाज येत नाई."

तुझी आई शेजारीच बसली होती, ताट घेऊन. तू तिच्याबद्दल बोलत होतास आणि ती माझ्याकडे बघत होती. तू एवढ्या जोरात बोलत होतास की बाहेर लटारूलाही ऐकू गेलं असेल.

मी तुझ्या वहीवर लिहिलं, 'मग सामान का परत केलंस?' तू म्हणालास, "घरात ठेवलं का हात जाते." मी लिहिलं, 'नवा अल्बम खरंच वाईट आहे.' तू वाचलंस आणि वही बंद केलीस. आणि मग म्हणालास, तेवढ्या वेळात पहिल्यांदाच हळू आवाजात, "तू शिव्या लिवतो, मले बरं वाटते. मंग वाटते का हा खोटं लिहून राह्यला. भंगार असता तं तू एका चिठ्ठीत सोडून देल्ला असता. चार महिने काऊन ऐकून राह्यला? आठवं खरं सांगशीन तं लिही. नाई तं चिठ्ठी नोको धाडू."

परतीच्या रस्त्यावर मी टेम्पोत चाचाच्या शेजारी बसलो होतो. स्पीकर मागे रजईत होता आणि दर खड्ड्याला आपटत होता.

खरं लिहायला मला थोडा वेळ दे.

जिशान


चंद्रपूर
२ मार्च २०२५

दिनेश,

खरं असं आहे की 'स्मॉल वेदर' चांगला आहे. सगळा नाही. टाळ्या वाईटच आहेत, आणि तिसऱ्यातला चारचा ठेका मी मरेपर्यंत माफ करणार नाही. जुना ड्रमर हवा होता, हेही खरं. पण गायक गुळगुळीत गात नाही, ते मी तुला खोटं लिहिलं. त्याचा गळा गेला आहे. तो ओरडू शकत नाही म्हणून गातो, आणि वरच्या पट्टीत पोचता पोचता आवाज चिरतो, आणि त्याने ती चीर पुसलेली नाही, तशीच ठेवली आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच उघडून तसाच खाली बसलो. साबणाचा पियानोही साबणाचा नाही. तो एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवतो आणि बाकी सगळे त्याच्या भोवतीने निघून जातात.

मला त्यांचा राग येतो. पंधरा वर्षं आपण दोघांनी त्यांची वाट पाहिली, प्रत्येक अल्बमला भांडलो, 'ह्याच्यापेक्षा पहिला बरा' म्हणालो. आणि त्यांनी हे नेमकं आत्ता केलं. दोन वर्षं आधी केलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं? मी एकटा कसा ऐकू? तू नसताना मला एखादी गोष्ट आवडली की ती तुझ्याकडून चोरल्यासारखी वाटते. म्हणून भंगार लिहिलं. ते भंगार असतं तर तुझं काही गेलं नसतं, आणि माझंही नसतं.

आता आठवं.

सुरुवातीला गिटार खुडखुडते हे खरं, पण झोप येत नाही. अब्बांची धनुकली आठव. तार नुसती बोटाने छेडायचे, कापूस लावायच्या आधी, ताण बघायला. तसं. बराच वेळ फक्त तेवढंच. मग ड्रम येतात, लांबून, आणि ते सातात आहेत. अख्ख्या अल्बममध्ये हे एकच गाणं सातात आहे. त्यांनी ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं. चला जाऊ बाजारा. आधी हळू. मग गायक येतो. शब्द साधे आहेत, घरात कोणी नसताना दिवे बंद करत फिरणाऱ्या माणसाचे. एकेक खोली. प्रत्येक खोलीला ठेका जड होत जातो आणि आवाज चिरत जातो, आणि मग ह्या अख्ख्या अल्बममध्ये जे त्याने कुठेच केलं नाही ते करतो. ओरडतो. तुटक्या गळ्याने. एकदाच. मी कितीही वेळा ऐकलं तरी माझे केस उभे राहतात.

'ब्लू बॉयलर'ची सुरुवात तुला आठवत नाही ना, ती ह्याच्या मधोमध आहे. तीच. खालच्या पट्टीत, दोन जड ठोके आणि मग घसरत खाली येणारी गिटार, आपण जिन्यावरून गादी सोडून द्यायचो तशी. असं लिहून ती तुझ्या डोक्यात वाजणार नाही, हे मला कळतं. तरी लिहिलं.

आणि शेवट. फाइल खराब नाही. त्यांनी मुद्दाम केलं आहे. सगळं टिपेला पोचलेलं असताना, त्याच्या तोंडात शब्द अर्धा असताना, बंद. चला जाऊ बाजारा, चला जाऊ बाजारा, चला जाऊ बा. बस. पुढे काही नाही. बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याने आपल्या कार्डावर जे केलं होतं, ते ह्यांनी पंधरा वर्षांनी स्वतः केलं. जगात फक्त दोन माणसं आहेत ज्यांना ते गाणं ऐकून हसू आलं असतं. मला एकट्याला हसू आलं नाही. मी अब्बांच्या खोलीत गेलो आणि त्यांच्या पायाशी बसून रडलो. ते म्हणाले, "क्या हुआ, मशीन जल गई क्या?"

आणखी एक आहे, ते लिहू की नको ह्यात दोन आठवडे गेले. नोव्हेंबरपासून मी तुझ्यासाठी एक वाक्य सांभाळून ठेवलं होतं. कधीतरी धीर करून तुला आठव्या गाण्याचं खरं सांगेन आणि शेवटी ते लिहीन असं ठरवलं होतं. वाक्य असं, की जिथे ते गाणं तुटतं तिथून पुढे काहीच वाजत नाही, मला नाही आणि तुलाही नाही, म्हणजे तिथून पुढे आपण दोघं बरोबर ऐकतो. मला ते फार आवडलं होतं. टेम्पोत बसून तुमच्याकडे येताना मी ते मनात घोकत होतो.

मग जेवल्यावर तू शिटीचं सांगितलंस.

आता गाणं तुटलं की मी हेडफोन काढत नाही. तसाच बसून राहतो, दुकानात कोणी आलं तरी. माझ्याकडे तिथे सगळं शांत होतं. तुझ्याकडे होत नाही. तुला जे सगळ्यात आवडायचं, ते मध्येच बंद होणं, तेवढंही तुझ्याकडे उरलेलं नाही, आणि त्यावर काय लिहायचं ते मला कळत नाही.

खरं लिही म्हणाला होतास. हे खरं आहे. चाचा माल न्यायला इथे आलाय, परवा अहेरीला परततोय, हे पत्र त्याच्याजवळ देतो. बाजाराच्या दिवशी रंजीता नेईल.

जिशान